अर्धी रजिस्ट्री, अर्धा मावेजा



ऊसबिलाचे पैसे खात्यावर पडले की आपल्या भागात दोन कामे निघतात. एक पोराबाळांची लग्ने आणि दुसरे जमिनीचे सौदे. पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत रजिस्ट्री कचेरीपुढच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसावे, गावोगावचे सभासद तिथे भेटतात. कुणी साकोळचे, कुणी येरोळचे, कुणी पार हिसामाबादहून आलेले. आणि त्या गाड्यावर एक प्रश्न हमखास कानावर येतो, "घेतली कितीला अन्‌ लिहिली कितीला?" दोन उत्तरे वेगळी असणार हे विचारणाऱ्याला ठाऊक असते, सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. आम्हांलाही परवापरवापर्यंत वाटत नव्हते.

या अंकात आम्ही खोडव्याच्या खतांवर लिहिणार होतो. तो लेख पुढच्या अंकी येईल, खोडवा काही पळून जात नाही. मध्येच हा विषय घ्यावा लागला, त्याचे कारण असे घडले.

मागल्या पावसाळ्यात एक जुने सभासद आमच्याकडे आले. वय सत्तरीच्या पुढे. आपल्या कारखान्याचा शेअर घेण्यासाठी बैल विकलेल्या पिढीतले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. त्यांच्या गावच्या शिवारात साठवण तलावासाठी भूसंपादन झाले, त्यात त्यांचा एक एकराचा बागायती तुकडा गेला. निवाडा हाती आला आणि आकडा पाहिल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता.

"बघा की जरा वाचून," ते म्हणाले. "माझ्या बांधाला लागून अठरा लाखानं एकर गेलंय. मला साडेआठ लाखाचा भाव धरलाय. मी तीस वर्सात कुणाची जमीन घेतली नाही का कुणाला इकली नाही. मंग माझा भाव ठरवला कुणी?"

आम्ही कागद वाचले. हिशेबात चूक नव्हती. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात जमिनीचा बाजारभाव कसा काढायचा ते लिहून ठेवले आहे. एक तर मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला दर घ्यायचा. किंवा त्या गावात आणि शेजारच्या भागात मागच्या तीन वर्षांत तशाच प्रकारच्या जमिनीची जी खरेदीखते नोंदली गेली ती काढायची, त्यांतली जास्त किमतीची निम्मी निवडायची आणि त्यांची सरासरी धरायची. यांपैकी जो आकडा मोठा तो बाजारभाव. त्याला ग्रामीण भागात एक ते दोनच्या दरम्यानच्या गुणकाने गुणायचे आणि जो आकडा येईल तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर द्यायची. म्हणजे गुणक एक धरला तरी बाजारभावाच्या दुप्पट पैसे मिळतात आणि दोन धरला तर चौपट. कायदा करणाऱ्याने शेतकऱ्याच्या बाजूने हात सैल सोडलेला आहे, हे कबूल केले पाहिजे. १८९४ च्या जुन्या कायद्यात १९८४ नंतरसुद्धा हा दिलासा शेकडा तीसच होता.

आता त्या फाइलमधली यादी. तीन वर्षांत त्या शिवारात बागायती जमिनीच्या चार रजिस्ट्र्या झाल्या होत्या. एकरी नऊ लाख, आठ लाख, सात लाख आणि साडेसहा लाख. वरच्या दोन घेतल्या, नऊ आणि आठ. सरासरी साडेआठ लाख. मुद्रांकाचा सरकारी दर त्याच्याही खाली होता, म्हणून साडेआठ लाख कायम झाले.

नऊ लाखांची जी रजिस्ट्री होती तिचा गट नंबर आम्ही दोनदा वाचला. ती रजिस्ट्री आमची होती.

तो एक एकराचा तुकडा आम्ही अठरा लाखांना घेतला होता. नऊ चेकने दिले, नऊ रोखीने, नोटा जुन्या वर्तमानपत्रात बांधून. बांधाला लागून अठरा लाखाने एकर गेले असे ते म्हणत होते, ते आमच्याच जमिनीबद्दल. हे त्यांना माहीत होते की नव्हते, आम्ही विचारले नाही. त्यांनीही काही सुचवले नाही. चहा घेतला आणि उद्या येतो म्हणून गेले.

त्या रात्री आम्ही वहीत मांडलेला हिशेब आहे तसा इथे देतो. मुद्रांक शेकडा पाच धरला तर नऊ लाख दडवून आमचे ४५ हजार वाचले. नोंदणी फी शेकडा एक, तीत ९ हजार वाचले. एकूण ५४ हजार. आता समजा, आम्ही खरे अठरा लाख लिहिले असते. मग यादीतल्या वरच्या दोन रजिस्ट्र्या अठरा आणि आठ झाल्या असत्या, सरासरी तेरा लाख. साडेआठच्या जागी तेरा, म्हणजे एकरी साडेचार लाखांचा फरक. त्यावर तेवढाच दिलासा धरला की नऊ लाख. गुणक दोन असता तर अठरा लाख. आमच्या ५४ हजारांपायी एका म्हाताऱ्या माणसाचे निदान नऊ लाख गेले, तेही ज्याने आमचे काही घेतले नव्हते अशा शेजाऱ्याचे. आणि त्या तलावात जमीन गेलेले ते एकटेच नव्हते. बाकीच्यांच्या निवाड्यातही तोच साडेआठ लाखांचा आकडा आहे.

किंमत कमी लिहिण्याचे तोटे आजवर आम्हांला ज्यांनी कुणी सांगितले त्यांनी ते घेणाऱ्याचे किंवा देणाऱ्याचे म्हणून सांगितले. पकडले गेले तर दंड, बुडाले तर बोंब. आपली जोखीम आपण घेतो, इतरांचे काय जाते, असे वाटायचे. आता आमचे मत असे आहे की रजिस्ट्रीत लिहिलेला भाव हा त्या गावाचा भाव असतो आणि तो पाडण्याचा अधिकार दोघा माणसांना नाही.

आपण ऊसवाले आहोत, आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. कुणी पाचट, मुळ्या आणि वाळका ऊस गाडीत घालून पाठवला तर त्याचे टनेज वाढते, पण उतारा साऱ्या कारखान्याचा घसरतो, आणि एफआरपी उताऱ्यावर ठरते. म्हणून वार्षिक सभेत आपण अशा ऊसावर किती तावातावाने बोलतो! दुसरे उदाहरण काट्याचे. वीस टनांची गाडी काट्यावर चढली आणि काटेवाला म्हणाला, "पावती पंधराची देतो, पाचाचे पैसे हातात घ्या," तर आपण ते चालवून घेऊ काय? त्याच दिवशी काटा बंद पाडू. तेच आपण रजिस्ट्री कचेरीत मात्र स्वतः होऊन पंधराची पावती मागतो.

बरे, जमिनी जाण्याचे प्रसंग आपल्या भागाला नवीन नाहीत. घरणी, साकोळ, मसलगा या प्रकल्पांच्या पाण्यावर आज ऊस उभा आहे, त्या पाण्याखाली कुणाच्या तरी जमिनी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूर पट्ट्यात नवी गावे वसवायची म्हणून जमिनी घ्याव्या लागल्या. अलीकडे शक्तिपीठ महामार्गाच्या नियोजित आखणीत लातूर जिल्हा आला आणि ठिकठिकाणचे शेतकरी विरोधाला उभे राहिले. रस्ता व्हावा की न व्हावा, हा वेगळा वाद आहे आणि त्यात आम्ही इथे पडत नाही. पण उद्या कुठलाही रस्ता, तलाव, चारी, विजेचे उपकेंद्र आले तर पहिला कागद निघणार आहे तो मागच्या तीन वर्षांच्या रजिस्ट्र्यांचा. मोर्चात आपण म्हणणार, आमच्या काळ्या आईचा भाव सोन्याचा आहे. समोरचा अधिकारी एक शब्द न बोलता सूची दोनचे उतारे टेबलावर ठेवणार.

यावर एक हुशारीचे उत्तर आम्ही ऐकले आहे. "त्यात काय, संपादनाचा वास आला की चार रजिस्ट्र्या चढ्या भावानं करून टाकू." बाबांनो, हा रस्ता कायद्याने आधीच बुजवलेला आहे. एखादी किंमत खऱ्या बाजारभावाची निदर्शक वाटत नसेल तर ती हिशेबातून वगळण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला दिलेला आहे. वर्षानुवर्षे सात-आठ लाखांच्या रजिस्ट्र्या होणाऱ्या गावात अधिसूचनेच्या तोंडावर एकदम पंचवीस लाखांची रजिस्ट्री उगवली, तर ती कुणाच्याही डोळ्यात येणार. खऱ्या भावाचे दस्त आधीपासून, कुणाला तलावाचे स्वप्नही पडलेले नसताना झालेले असले पाहिजेत.

आणि असा एखादाच खरा दस्तसुद्धा किती कामाला येतो पाहा. गोव्यातल्या एका भूसंपादनाच्या प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, सारख्या जमिनींचे अनेक व्यवहार समोर असतील तर त्यांतला प्रामाणिक असलेला सर्वांत जास्त किमतीचा व्यवहार साधारणपणे विचारात घ्यावा. ते प्रकरण जुन्या कायद्याखालचे, पण त्याचा अर्थ आपल्यासाठी आजही मोलाचा आहे. गावात एकाने खरी किंमत लिहिली तर तिचा आधार साऱ्या शिवाराला घेता येतो.

कुणी म्हणेल, सरकारी दर आहेच की, त्याच्या खाली मुद्रांक घेतच नाहीत. खरे आहे. १९९५ च्या नियमांनुसार दरवर्षी दरांचे तक्ते निघतात, ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात. आणि लिहिलेली किंमत व तक्त्याची किंमत यांत जी जास्त तिच्यावर मुद्रांक लागतो. त्यामुळे हल्ली बहुतेक जण काय करतात, तक्त्यातला आकडा विचारतात आणि बरोबर तोच किंवा त्याच्या थोडा वरचा आकडा दस्तात घालतात. पण तो तक्ता करणारे लोक तरी आकडे कुठून आणतात? आपल्याच नोंदलेल्या दस्तांचा अभ्यास करून. आपण खाली लिहितो म्हणून तक्ता खाली राहतो, तक्ता खाली म्हणून आपण खाली लिहितो. घाण्याच्या बैलासारखे हे फिरणे चालू आहे.

आता जरा देणाऱ्याकडे, म्हणजे जमीन विकणाऱ्याकडे वळू. आमच्या मते सगळ्यात जास्त फसतो तो हाच. मुद्रांक भरतो घेणारा, म्हणजे वाचतो तोही घेणाऱ्याचा. विकणाऱ्याचे काय वाचते? खेड्यातली शेतजमीन, जी नगरपालिका-नगरपंचायतीच्या हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतरापलीकडे आहे, ती विकली तर भांडवली नफ्याचा आयकर मुळी लागतच नाही. (शिरूर अनंतपाळ नगरपंचायतीच्या हद्दीतली किंवा अगदी लगतची जमीन असेल तर आधी वकिलाला विचारावे.) म्हणजे ज्याला करच नाही तो माणूस कर चुकवणाऱ्याचा भागीदार होतो आणि बदल्यात त्याला मिळते काय, तर नोटांचे पुडके. ते पुडके बँकेत भरायचे तर कुठून आले म्हणून विचारणा, घरात ठेवायचे तर चोराचे भय. पोरीच्या लग्नात उधळायचे, किंवा पाव्हण्यारावळ्यांना हातउसने द्यायचे आणि परत मागत फिरायचे, एवढेच मार्ग उरतात. सगळी रक्कम दस्तात लिहून चेकने घेतली असती तर ताठ मानेने मुदतठेव ठेवता आली असती.

आणि घेणारा तरी कोण? ज्याच्याकडे हिशेबाबाहेरचा पैसा आहे त्याला जमिनीत तो मुरवायचा असतो, हे आम्ही समजू शकतो. समजू शकतो म्हणजे मान्य करतो असे नव्हे. पण ऊस उत्पादकाचे तसे नाही. आपले बिल बँकेत जमा होते, पै न्‌ पै कागदावर असते आणि शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. आपल्याइतका धुतलेला पैसा साऱ्या तालुक्यात कुणाकडे असेल? तो आपण बँकेतून काढून आणतो, वर्तमानपत्रात बांधतो आणि आपल्या हाताने काळा करतो. आम्ही स्वतः केले म्हणून सांगतो, ते करताना आपण फार व्यवहारी आहोत असे वाटत असते.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात सांगून टाकतो. १ जून २०१५ पासून जमीन-घराच्या सौद्यापोटी २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, इसारसुद्धा नाही. घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड. म्हणजे नऊ लाख घेणाऱ्याला नऊ लाख दंड. हा दंड घेणाऱ्या हाताला आहे, म्हणजे परत विकणाऱ्यालाच. मुद्रांक कमी भरल्याचे निघाले तर कमी पडलेल्या रकमेवर महिन्याला शेकडा दोन प्रमाणे दंड चढत जातो. दोन नंबरची रक्कम रजिस्ट्रीनंतर देतो म्हणून सांगणाऱ्या घेणाऱ्याने हात वर केले तर विकणारा कोणत्या तोंडाने दावा लावणार? दस्तात तर त्याने सही करून लिहून दिलेले असते की संपूर्ण रक्कम मिळाली, काही एक बाकी नाही.

घेणाऱ्याची गत याहून बरी नाही. मराठवाड्यातल्या जमिनींना किती शेपट्या आहेत ते आपण जाणतो. कुठे इनामी जमीन निघते, कुठे हैदराबाद कुळकायद्याचे संरक्षित कूळ, कुठे वर्ग दोनची नोंद, कुठे पुण्यात राहणाऱ्या बहिणीचा वाटणीचा दावा. व्यवहार मोडला आणि पैसे परत मागायची वेळ आली तर दस्तातल्या नऊ लाखांपुढे बोलायला जागा नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली, सावकारीच्या व्यवहारात खरेदीखत करून लाटलेली जमीन मूळ मालकाला परत देण्याचे अधिकार जिल्हा निबंधकाला आहेत. हा कायदा चांगला आहे, कित्येकांची शेती त्याने वाचवली. पण अर्ध्या किमतीची रजिस्ट्री कागदावर कशासारखी दिसते? कर्जापोटी लिहून घेतलेल्या खतासारखीच दिसते. उद्या विकणाऱ्याच्या पोराच्या मनात आले आणि त्याने तसा अर्ज केला, तर आपण खरे घेणारे होतो हे सिद्ध करायला आपल्याच दस्ताशी झुंजावे लागेल.

लातूर-पुण्याला प्लॉट घेणाऱ्यांचे गणित निराळे, तरी तात्पर्य तेच. समजा, तीस लाखांचा प्लॉट पंधरा लाख लिहून घेतला. मुद्रांक शेकडा सहा धरा, नोंदणी फी धरा, १ लाख ५ हजार वाचले. काही वर्षांनी तो चाळीसला विकला आणि पुढच्या घेणाऱ्याला कर्ज काढायचे असल्याने त्याने पुरते चाळीस लिहायला लावले. हल्ली असेच होते. खरा नफा दहा लाख, कागदावर मात्र पंचवीस. न झालेल्या पंधरा लाखांच्या नफ्यावर शेकडा साडेबारा प्रमाणे १ लाख ८७ हजार ५०० कर. शहाण्याने वाचवले त्याच्या पावणेदोन पट गेले.

आपल्या सभासदांची पोरे आता दुबई-अमेरिकेपर्यंत पोचली आहेत, तिकडे घरे घेतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. इथे राहणाऱ्या माणसाला परदेशात घर घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फतच पाठवता येते. तिकडचा दस्त आणि इकडचा बँकेचा कागद जुळले पाहिजेत. वरची रक्कम हवाल्याने पोचवली आणि ती उघड झाली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली शेकडा तीस कर आणि त्या कराच्या तिप्पट दंड आहे. कमी किंमत लिहिण्याची खोड काही आपल्यापुरती नाही म्हणा. स्पेनमध्येही ती जुनी आहे. शेवटी तिथल्या सरकारने १ जानेवारी २०२२ पासून आपले स्वतःचे संदर्भमूल्य काढून त्याखाली कर घ्यायचे बंद केले. उलट बाजूने, तिकडे स्थायिक झालेल्या मुलाने बापाची इथली जमीन विकली तर रीतसर कागद दाखवून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम तो नेऊ शकतो. पण दस्तात जेवढी तेवढीच. रोखीच्या पुडक्याचे काय करायचे ते त्याने चुलत्याला विचारावे.

या खोडीवर सरकारांनी मोठे मजेदार उपायही करून पाहिले आहेत. चीनचे नेते सुन यत्‌-सेन यांची कल्पना अशी होती की, जमिनीची किंमत मालकाने स्वतः सांगावी. सरकारने तिच्यावर कर घ्यावा आणि वाटले तर त्याच किमतीला ती विकत घ्यावी. कमी सांगाल तर जमीन जाईल, जास्त सांगाल तर कर बसेल. १९५४ साली तैवानने या विचारावर शहरी जमिनींचा कायदा केला. आपल्याकडे नोव्हेंबर १९७२ पासून आयकर कायद्यात तसलेच प्रकरण आले होते: किंमत फार कमी लिहिलेली आढळली तर लिहिलेल्या किमतीवर शेकडा पंधरा देऊन सरकारने मालमत्ता घ्यावी. १९८६ पासून मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत मोठ्या व्यवहारांसाठी आणखी कडक तरतूद आली. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात संबंधितांचे म्हणणे ऐकून घेण्याची अट घातली, आणि २००२ मध्ये ती तरतूद बंद झाली. आज असे कलम नाही. पण आमच्या त्या सभासदाच्या फाइलकडे पाहिले तर वाटते, वेगळे काय चालले आहे? लिहिलेल्या किमतीला सरकार जमीन घेतेच आहे, फक्त लिहिणारा एक आणि जमीन जाणारा दुसरा.

मग करायचे काय? "सगळ्यांनी खरे लिहावे" असे म्हणून हात झटकणे आम्हांला पटत नाही, कारण सौदा बसतो तेव्हा ओट्यावर काय बोलणे होते ते आम्ही जाणतो. घेणारा म्हणतो, "खरी लिहायची तर वरचा स्टँप तुम्ही सोसा." विकणारा म्हणतो, "मला काय करायचंय तुमच्या स्टँपाशी." आणि मधला एजंट म्हणतो, "मालक, उगी कशाला, अर्धी लिहू." इथे एक तोडगा सुचवतो. खरी किंमत लिहिल्याने जो जादा मुद्रांक पडेल तो दोघांनी निम्मानिम्मा सोसावा आणि ते इसारपावतीतच लिहून टाकावे. अठरा लाखांच्या आमच्या व्यवहारात तो एकेकाला २७ हजार आला असता. विकणाऱ्याला त्या २७ हजारांत बिनघोर पैसा मिळाला असता आणि आम्हांला मजबूत कागद. गावातले दोन-तीन मोठे खातेदार पुढे झाले तरी ही रीत पडायला वेळ लागणार नाही. आमच्या भागात हुंडा रजिस्ट्रीत लिहीत नाहीत, पण जमीन लिहितात. निदान ती तरी खरी लिहावी.

दुसरे, आपल्या शिवारात काय लिहिले जाते ते पाहत जा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गावाच्या आणि गट नंबराच्या नावाने दस्तांची सूची पाहायला मिळते. कॉलेजात जाणारे पोरगे घरात असेल तर घटकेत काढून देईल. निवाडा येईपर्यंत वाट पाहू नये. आणि निवाडा आलाच तर घरात फाइल घेऊन बसू नये. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर वाढीव मावेज्यासाठी अर्ज करायला सहाच आठवडे असतात. आमच्याकडे आलेल्या सभासदांची मुदत भरायला अकरा दिवस उरले होते.

ते दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आले. तेव्हा आम्ही त्यांना सांगितले की यादीतली पहिली रजिस्ट्री आमची आहे आणि ती खोटी आहे. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला वाटलंच व्हतं. पर तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं." आम्ही त्यांना घेऊन वकिलाकडे गेलो. आम्ही साक्ष दिली तर चालेल का, असे विचारले. वकील म्हणाले, "साक्ष देता येईल, पण कोर्ट म्हणेल तुमच्या तोंडापेक्षा तुमच्या सहीवर विश्वास ठेवतो. शिवाय कमी मुद्रांक भरल्याची कबुली होईल, दंड लागेल, जमीन विकणाऱ्यालाही विचारणा होईल." ज्यांच्याकडून आम्ही जमीन घेतली त्यांच्याकडे आम्ही गेलो. त्यांनी दार उघडले, पाणी दिले आणि या भानगडीत आपल्याला ओढू नका म्हणून हात जोडले. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. अर्धी लिहा ही सूचना त्यांची नव्हती, आमची होती.

वाढीव मावेज्याचा अर्ज मुदतीत दाखल झाला आहे. खरेदीच्या आठवड्यात आमच्या खात्यातून नऊ लाख रोख काढल्याची नोंद असलेले पासबुक आम्ही वकिलाकडे दिले आहे. त्याचा किती उपयोग होईल याची खात्री तेही देत नाहीत. कमी पडलेला मुद्रांक दंडासह भरण्याचा अर्जही आम्ही केला आहे. सुनावणीची पहिली तारीख पोळ्यानंतरची आहे. त्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर जाणार आहोत.